हॉटेलातलं वायफाय आणि हौसाचं बाळंतपण

संभाजीनगरहून परत आल्यापासून डेअरीवर दूध घालायला गेले की रोज कुणीतरी विचारतं, "सुमनवहिनी, वेरूळ कसं हाय ओ?" आता ही काही रांगेत उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही. किटली मापाला लागली की बोलणं तिथंच तुटतं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. ज्यांना फक्त लेण्यांबद्दल वाचायचं आहे त्यांनी शेवटचं तेवढं वाचावं. त्याआधी मी जे पाहिलं ते लेणी सोडून बाकीचंच आहे.

आमचे मालक लग्नाआधी दोन वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होते. सुट्टीच्या दिवशी तिथली चार पोरं मिळून वेरूळला जायची. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "एका डोंगरातनं आख्खं देऊळ कोरलंय. तुला एकदा दाखवणार." त्यानंतर आमच्या गोठ्यात कधी दोन, कधी पाच म्हशी असायच्या, आणि दर साली निघायचं म्हटलं की एखादी व्यायला झालेली असायचीच. म्हशीला पाहुण्यांच्या हवाली करून जाणं मला कधी जमलं नाही. आम्ही कोल्हापूरकडची माणसं, आमच्याकडं घरात कोण आजारी आहे हे विचारायच्या आधी म्हैस कशी आहे हे विचारतात.

यंदा गोठ्यात हौसा ही एकच म्हैस होती, तीही गाभण. पण डॉक्टरांनी तारीख काढली होती ती आमच्या परतीच्या आठवडाभर नंतरची. मुलगा म्हणाला, "आई, आता गेला नाहीत तर कधीच जाणार नाही." तो पुण्याकडं कंपनीत असतो, सुट्टीला घरी येतो. घरी असते सून, ऋतुजा. इचलकरंजीची मुलगी, औषधांचं शिकलेली, तालुक्याच्या गावात एका मेडिकलमध्ये काम करते. लग्नाला वर्ष झालं होतं. गुणाची आहे, पण गोठ्यात यायची ती उंबऱ्यापर्यंत. हौसानं मान हलवली तरी दोन पावलं मागं सरायची. तिच्या भरवशावर हौसाला सोडायचं या विचारानं मला घास गोड लागेना.

त्यात हौसाचं मागचं बाळंतपण अवघड गेलं होतं. रेडकू उलटं आलं, मागचे पाय आधी. डॉक्टर पोचेपर्यंत ते गेलं. हौसा चार दिवस त्या जागेचा वास घेत हंबरायची. ते माझ्या कानातून जात नव्हतं.

म्हणून मुलानं गोठ्यात कॅमेरा बसवला. घरच्या वायफायवर चालणारा. त्याला कानही आहेत आणि तोंडही. इकडून बटण दाबून बोललं की तिकडं भिंतीतून आवाज येतो. आम्हा दोघांत एकच बटणाचा फोन, म्हणून त्यानं त्याचा जुना टॅब मला दिला. पडदा मोठा, माझ्या डोळ्यांना बरा. "हॉटेलात वायफाय असतंच," तो म्हणाला, "कुठंही बस आणि हौसाला बघ."

शहागंज

प्रवासाचं काही सांगत नाही. गाडीत नेट नाही हे माहीत असूनही मी दर थोड्या वेळानं टॅब उघडून बघत होते, त्यामुळं उतरायच्या आधीच तो पार मेला होता. आमचं हॉटेल शहागंजपासून चालत पाच मिनिटांवर. खाली छोटं काउंटर, दोन खुर्च्या, एक काचेचं टेबल. काउंटरवर फरहीन नावाची मुलगी होती. तेवीस-चोवीस वर्षांची, डोक्यावरून ओढणी, बोलायला मोकळी. सिल्लोडची. नोकरीसाठी इथं मामूंकडं राहते म्हणाली.

खोलीत जाऊन मी आधी टॅब चार्जिंगला लावला. तोंडसुद्धा धुतलं नाही. तो सुरू झाला तसं फरहीननं वर येऊन पासवर्ड घालून दिला. "जोडलं" असं आलं. आणि लगेच त्याखाली आलं, "इंटरनेट नाही."

"काकू, इथं आधी एक पान उघडतं," ती म्हणाली. "त्याच्यात मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, मग चालू होतं. तुमचं ते पानच उघडत नाय."

"मग?"

"सकाळी लई लोड असतो. दुपारी बघू."

दुपारीही नाही. तिनं वायफाय बंद करून चालू केलं, टॅब बंद करून चालू केला, नेटवर्क विसरायला लावून पुन्हा आठवायला लावलं. प्रत्येक वेळी तेच. कधीमधी लाल त्रिकोण यायचा आणि कनेक्शन सुरक्षित नाही असं काहीतरी म्हणायचा. मला त्यातलं सुरक्षित नाही एवढंच कळायचं.

ऋतुजाला फोन केला. "आई, हौसा मस्त आहे. रवंथ करतीय."

"वैरण खाल्ली?"

"खाल्ली."

"सगळी?"

"सगळी, आई."

ती एवढ्या पटकन म्हणाली की मला वाटलं, ही गोठ्यात न जाताच सांगतीय. मालकांना तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी चप्पल घातली आणि म्हणाले, "चल, खाऊन येऊ."

शहागंजच्या बाजारात त्यांना जुनी खाणावळ शोधायची होती. ती मिळाली नाही, पण नान-खलिया मिळाला. आमच्याकडं तांबडा रस्सा म्हणजे नाकाडोळ्यातून पाणी. इथला खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, पिवळसर, वर तेलाचा तवंग, पण तिखटाची घाई नाही. मसाला हळूहळू जिभेवर चढत जातो. नान तंदुरातला, पिवळी चकाकी असलेला, हाताएवढा. आजूबाजूला माणसं एकाच वाक्यात मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून उर्दूत जात होती, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. वाढणारा म्हणाला, "और एक लो ना मावशी, नक्को काय बोलता, घ्या की!" आणि न विचारता वाढून मोकळा झाला. अत्तराची, गरम मसाल्याची आणि नव्या चपलांच्या कातड्याची दुकानं एकाला एक चिकटून होती. बघण्यासारखं खूप होतं. मी बघत होते, पण डोक्यात एकच, की संध्याकाळी पाणी पाजायला ऋतुजा दावं सोडेल तेव्हा हौसानं हिसडा दिला तर?

मालक नान मोडता मोडता म्हणाले, "तू आलीस खरी, पण अजून गोठ्यातच हायस."

चिडून म्हणाले नाहीत. तेच जास्त लागलं.

वेरूळच्या दारात

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेरूळला निघालो. टॅब खोलीतच ठेवला. चालतच नव्हता तर ओझं कशाला? दौलताबादचा किल्ला डावीकडं दिसला. पायथ्याला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. हंगाम संपत आला होता, फळं काळपट पडली होती, पण गर साखरेसारखा. मालक खिडकीतून हात करून करून दाखवत होते. इथं आम्ही सायकल पंक्चर झाली म्हणून अडकलो होतो, इथं एकदा मधमाश्या लागल्या होत्या. इतकं बोलताना मी त्यांना घरी पाहिलेलं नाही.

तिकीट काढलं. आत शिरलं की समोरच कैलास. बाहेरच्या झाडाखालून त्याचा दगडी कठडा आणि वरचा थोडा भाग दिसत होता. मालक म्हणाले, "आता डोळे खाली ठेव. मी सांगीन तेव्हाच वर बघ." हे असं त्यांनी मला लग्नातसुद्धा सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई," ऋतुजाचा आवाज हळू होता, "हौसा सकाळपासून खात नाहीये. सारखी उठतीय, बसतीय. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडल्यासारखे दिसतायत. आणि कास एकदम ताठ झालीय."

शेपटीजवळची हाडं सैल पडली म्हणजे आजच. आठवड्यानं नाही, आज. डॉक्टरांना फोन लावला. ते पलीकडच्या खोऱ्यात एका गाईच्या कामात अडकले होते. "येतो, पण वेळ लागेल," म्हणाले. शेजारच्या अक्का फोन उचलेनात. मागून कळलं, त्या बाजाराला गेल्या होत्या. मुलाचा फोन लागायचा प्रश्नच नव्हता. कंपनीच्या गेटवर फोन जमा करून आत जावं लागतं.

मी मालकांकडं बघितलं. त्यांची पाठ लेण्याकडं होती.

"तुम्ही आत बघून या पटकन," मी म्हटलं, "मी इथं बसते."

"आणि काय सांगू तुला येऊन?" ते म्हणाले. "चल माघारी. टॅबचं कायतरी करू."

वेरूळच्या दारातून आम्ही मागं फिरलो. घर एका रात्रीच्या वाटेवर होतं. आत्ता निघालो असतो तरी पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असतं.

काउंटरपाशी

आम्हाला आलेलं बघून फरहीन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. कसं सांगितलं मला आठवत नाही, बहुतेक नीट वाक्यं नव्हतीच.

"काकू, टॅब राहू द्या. माझ्या फोनवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावू."

हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिनं ऋतुजाचा नंबर घेतला, कॉल लागला, आणि त्या छोट्या पडद्यात ऋतुजा दिसली. मुलाचा जुना सदरा, बाह्या कोपरावर चढवलेल्या, केस गच्च बांधलेले. मी तिला गोठ्यात, हौसाच्या इतक्या जवळ, पहिल्यांदाच बघत होते.

"आई, पाण्याची पिशवी फुटलीय. थांबा, फोन कुठंतरी टेकवते, मला दोन्ही हात लागणार आहेत."

तिनं फोन गव्हाणीच्या काठावर ठेवला. आम्हाला छपराचे पत्रे दिसले, मग हौसाचं शिंग दिसलं, मग सगळं गरगर फिरलं. बुडुक असा आवाज झाला. पडदा काळा.

"काय झालं?" मालक म्हणाले.

"पाण्यात गेला," मी म्हटलं. गव्हाणीच्या शेजारीच पाण्याचं टिपाड आहे. हौसानं मान झटकली असणार.

फरहीननं परत लावला, मी बटणाच्या फोनवरून लावला. बंद. म्हणजे आता ती एकटी, हौसा एकटी, आणि आम्हाला काही कळायची सोय नाही. उरला तो फक्त भिंतीवरचा कॅमेरा, आणि तो बघायला हा न चालणारा टॅब.

मालक धावत वर जाऊन टॅब घेऊन आले. काचेच्या टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघं त्यावर वाकलो. पासवर्ड पुन्हा घातला. जोडलं, इंटरनेट नाही. फरहीननं हॉटेलचं वायफायचं यंत्र भिंतीतल्या प्लगातून काढलं, थोडं थांबून परत लावलं. त्यामुळं वरच्या मजल्यावरून दोन पाहुणे तक्रार करत खाली आले. तिनं त्यांना हात जोडून परत पाठवलं. जोडलं, इंटरनेट नाही. नेट बसवून देणाऱ्या माणसाला तिनं फोन केला, तो म्हणाला उद्या येतो.

"उद्या?" फरहीन फोनवर ओरडली. "इथं म्हैस आत्ता बाळंत होतीय, भाई!"

पलीकडच्याला वाटलं असेल हॉटेलातच होतीय.

मग तिनं स्वतःच्या फोनचं नेट टॅबला जोडून बघितलं. मला वाटलं, आता होणार. पण त्यावरही तोच त्रिकोण, तेच सुरक्षित नाही. ती खुर्चीत बसली. "म्हंजे हॉटेलच्या वायफायचा दोष नाय," ती हळू म्हणाली. "टॅबमध्येच कायतरी हाय. पण काय हाय ते कळंना."

तेच कॅमेऱ्याचं अॅप तिच्या फोनवर घ्यावं म्हटलं तर त्याचा पासवर्ड मुलाला ठाऊक, आणि मुलाचा फोन गेटवर.

मी मनाशी हिशेब मांडत होते. पिशवी फुटल्यापासून किती वेळ झाला? मागच्या वेळी नेमकं इथंच चुकलं होतं. पाय दिसले, पण पुढचे की मागचे हे कुणी बघितलं नव्हतं, आणि वाट बघण्यात वेळ गेला. वेळ बघायला माझी नजर सहज टॅबच्या कोपऱ्यात गेली.

"हे घड्याळ असं काय दाखवतंय?" मी म्हटलं. "ह्याच्यात तर पहाटेचे तीन वाजलेत."

फरहीननं टॅब माझ्या हातातून जवळजवळ ओढलाच. वरून पट्टी खाली ओढून तारीख बघितली आणि कपाळाला हात लावला.

"या अल्ला. काकू, तुमचा टॅब लॉकडाऊनच्या आधीच्या सालात जाऊन बसलाय!"

पार मेल्यावर तो जागा झाला तो जुनी तारीख घेऊन. आत सिमकार्ड नाही, त्यामुळं त्याला आजचा दिवस कुणी सांगितलाच नव्हता. "तारीख चुकली की नेटच्या पलीकडचे लोक दार उघडत नायत," फरहीन बोटं चालवत म्हणाली. "त्यांना वाटतं कुणीतरी खोटा माणूस आलाय." तिनं साल बदललं, महिना बदलला, वेळ घातली. वायफायला बोट लावलं. आणि ते पान उघडलं. हॉटेलचं नाव, खाली मोबाईल नंबरची चौकट. माझ्या बटणाच्या फोनवर ओटीपी आला. आकडे मला दिसेनात, मालकांनी वाचून दाखवले, तेही एकदा चुकीचे.

मग कॅमेऱ्याचं अॅप उघडलं. गोल गोल फिरत राहिलं. आणि गोठा दिसला.

हौसा आडवी पडली होती. ऋतुजा तिच्या मागं गुडघ्यांवर बसली होती, हातात मेडिकलमधले पांढरे हातमोजे. शेजारी स्वच्छ फडकं अंथरून त्यावर औषधाची बाटली, दोरा, कात्री मांडलेली. ही तयारी तिनं कधी करून ठेवली होती मला माहीत नव्हतं. आणि ती बोलत होती. मान वर न करता, कॅमेऱ्याशी.

"...आई, तुम्हाला ऐकू येतंय की नाही मला माहीत नाही, तरी सांगते. फोन पाण्यात पडला. दोन पाय दिसतायत. खुरांचा तळ खाली आहे. म्हणजे पुढचेच पाय ना? डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. नाक अजून दिसलं नाही..."

म्हणजे फोन बुडाल्यापासून ती अशीच भिंतीशी बोलत होती.

मी बटण दाबलं. "ऋतुजा! मी हाय गं! दिसतंय मला!"

हौसानं डोकं उचललं. कान टवकारले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पुढचे पाय रोवून उठायला लागली. दावं ताणलं गेलं. अर्धवट बाहेर आलेले ते पाय तिच्याबरोबर वर उचलले गेले, ऋतुजा बाजूला फेकली गेली.

"आई, बोलू नका!" ती ओरडली. "बोलू नका! ती तुम्हाला शोधतीय!"

मी बोट उचललं. चटका बसल्यासारखं.

ऋतुजा उठली. हौसाच्या मानेशी गेली. जिला मान हलली तरी भीती वाटायची ती पोर तिच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली, कानाशी काहीतरी पुटपुटत. काय ते ऐकू आलं नाही. हौसा थरथरत होती. मग तिनं गुडघे मुडपले आणि परत आडवी झाली.

त्यानंतर जे झालं ते मी फक्त बघितलं. मला पन्नास गोष्टी सांगायच्या होत्या. ओढू नको, कळ येऊ दे. सरळ ओढू नको, तिच्या खुरांकडं, खाली ओढ. घाई नको. थांबू पण नको. माझा हात पदराखाली मुठीत होता आणि मालकांनी तो मनगटाशी धरून ठेवला होता. दुसऱ्या बाजूनं फरहीननं माझा दंड धरला होता. तिनं असलं काही आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. ती डोळे मिटायची आणि विचारायची, "आलं? काकू, आलं का?"

नाक दिसलं. गुलाबी जीभ बाहेर लोंबत होती. हौसानं कळ दिली तशी ऋतुजानं पाय धरून खाली ओढलं. कळ थांबली, तीही थांबली. पुन्हा कळ, पुन्हा ओढ. एकदा तिचा पाय घसरला आणि ती शेणात बसली, पण हात सोडले नाहीत. डोकं आलं. खांदे अडकले. मग एक लांब कळ आली आणि सगळं रेडकू एकदम सटकन बाहेर येऊन गवतावर पडलं.

हललं नाही.

काळं, ओलं, चमकणारं, आणि स्तब्ध. हौसा मागं वळून बघत होती.

"बोला ना काकू, बोला!" फरहीन रडत म्हणाली. "सांगा त्यांना काय करायचं ते!"

बटण माझ्या बोटाखाली होतं. मी दाबलं नाही. माझ्या आवाजानं हौसा उठली असती तर तिच्या पायाखालीच ते होतं.

ऋतुजानं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला. फडक्यानं छाती चोळली, जोरात, जशी भांडी घासतात तशी. काही नाही. मग तिनं जमिनीवरून गवताची एक काडी उचलली आणि त्याच्या नाकपुडीत घातली. फिरवली.

रेडकू शिंकलं.

आधी एक शिंक, मग डोकं हललं, मग दोन्ही ओले कान फडफडले. हौसा उठली, आता कुणी बोलावलं म्हणून नाही, आणि त्याला चाटायला लागली.

ऋतुजा मागं सरून भिंतीला टेकली. चेहऱ्यावर, केसांत सगळं लागलेलं. तिनं कॅमेऱ्याकडं वर बघितलं. "आई, मादी आहे, रेडी. आता बोला."

मालक पुढं वाकले, बटण दाबलं आणि म्हणाले, "पोरी, आधी तू पाणी पी."

पुन्हा वेरूळ, मग अजिंठा

डॉक्टर आले तेव्हा रेडी उभी राहायच्या खटपटीत होती. वार, म्हणजे नाळेबरोबरचं जाळं, पडायला संध्याकाळ झाली, आणि ती पडेपर्यंत मी काउंटरपाशीच बसून राहिले. अक्का बाजारातून परतल्या आणि त्यांनी ऋतुजाला घरी नेऊन आंघोळीला पाणी काढलं. फरहीननं आम्हाला तिच्या डब्यातली खिचडी आणि खट्टा खायला घातला. चिंचेचा तो आंबट, पातळ खट्टा मी दोनदा मागून घेतला. दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

वेरूळला आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो. मालकांनी पुन्हा डोळे खाली ठेवायला सांगितले. कैलास कसा आहे, तर बायांनो, मला तो सांगता येत नाही. एवढंच सांगते की देऊळ बांधतात ते खालून वर, आणि हे वरून खाली कोरत आणलंय. शिखर आधी आणि पाया शेवटी. चौथऱ्याला हत्ती आहेत, आख्खं देऊळ त्यांच्या पाठीवर उभं आहे, आणि बऱ्याच जणांच्या सोंडा तुटल्या आहेत. मालक सांगत होते आणि मी ऐकत होते. मधूनच त्यांना वाटायचं माझं लक्ष नाही, मग ते थांबायचे. मी म्हणायचे, "हं, पुढं." एकदा मात्र खरंच लक्ष नव्हतं. रेडीला पहिल्या दुधाचा चीक पुरेसा मिळाला असेल का, हा विचार आला होता. त्यांनी ओळखलं आणि पुढच्या हत्तीकडं बोट केलं.

आमचं परतीचं ठरलं होतं ते त्याच रात्रीचं. बाहेर उसाचा रस पीत असताना मी म्हटलं, "अजिंठा किती लांब हाय हो?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बघायचं तुला?"

"आलोच हाय तर."

रात्रीची गाडी सोडून दिली आणि दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला गेलो. तिथल्या गुहांत अंधार असतो. आधी काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि भिंतीतून माणसं वर येतात. झुकलेल्या मानेची एक बाई होती, तिच्यापुढून मला हलवेना. रंग कुठं कुठं उडालाय, पण ती काहीतरी ऐकतीय असं वाटतं. चालून चालून माझे गुडघे भरून आले आणि शेवटच्या दोन गुहा मी बाहेरच्या कठड्यावर बसून मालकांच्या तोंडूनच पाहिल्या.

परतताना गाडी सिल्लोडला थांबली. दुपार कलली होती. रस्त्याच्या कडेनं मक्याची पिवळी रास वाळत घातलेली, पलीकडं कापसानं फुगलेल्या गाड्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या वाटेनं उभ्या. मका आमच्याकडं वैरणीपुरता, इथं नजर जाईल तिथं दाणेच दाणे. आम्ही टपरीवर चहा घेतला तेवढ्यात फोन वाजला. नंबर अक्कांचा. चहा हिंदकळला.

"आई, मी ऋतुजा. अजिंठा कसा आहे?"

"काय झालं? रेडीला काय झालं का?"

"काही नाही झालं. दूध पिऊन झोपलीय. मी अजिंठ्याचं विचारतेय."

मी सांगायला लागले. अंधाराचं, मग दिसायला लागलेल्या माणसांचं, त्या झुकल्या मानेच्या बाईचं. ती हं हं करत होती. अजून बरंच सांगायचं होतं. मध्येच ती म्हणाली, "आई, बाकीचं घरी आल्यावर सांगा. ठेवते मी, धारेची वेळ झाली."

"धार? कोण काढतंय?"

"मीच. अक्कांनी काल शिकवलं. अजून हात भरून येतात, पण देतीय ती."

फोन बंद झाला. मी मालकांचं मनगट धरून घड्याळात बघितलं. लग्न होऊन आल्यापासून दिवसातून दोनदा ही वेळ माझ्या अंगातच वाजायची. आजारपणात, लग्नाकार्यात, कधी कुणाला सांगावी लागली नव्हती.

धारेची वेळ खरंच झाली होती.